नऊ आणे नदी, सात आणे घर

"मावशी, तुमचं घर मी नदीत घातलं," असं माझा भाडेकरू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, तेव्हा मी भाकरी थापत होते. नदी साठ पावलांवर, पाऊस नाही, पूर नाही. रहाटणीत मी पुष्कळ भाडेकरू पाहिले, पण बसल्या जागी घरमालकिणीला बुडवणारा हा एकटाच.

तो लातूरकडचा, नकाशे करणाऱ्या कंपनीत कामाला. त्याच्या लॅपटॉपवर सगळं गाव चौकोनांचं होतं, आणि कुठला चौकोन कशाने किती झाकला हे काढणं ही त्याची नोकरी. ती नोकरी तो घरीही आणायचा. ताटात ठेचा वाढला की म्हणायचा, "मावशी, ठेच्यानं भाकरी चाळीस टक्केच झाकली, अजून जरा चालतंय." गच्चीवर लुगड्यावर पापड वाळत घातले की माझी पिठाची चाळणी डोळ्यापुढे धरून भोकं मोजायचा आणि आणखी किती पापड मावतील ते सांगायचा. खोटं कशाला बोलू, तेवढेच मावायचे. शेजारच्या आप्पांना एकदा धीर द्यायला म्हणाला, "आप्पा, अजून अठ्ठावीस टक्के केस हायत की." पुढे महिनाभर आप्पांनी त्याच्यासमोर टोपी काढली नाही.

तर त्या सकाळी त्याने लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला. पुराचं पाणी कुठवर येतं त्याचा नकाशा त्यानेच केला होता. बारीक चौकोन जोडून आमची अख्खी आळी मावेल एवढे मोठे केले, आणि ज्याचा भाग जास्त, सगळा चौकोन त्याचा, असं ठरवून टाकलं. आमच्या चौकोनात पाणी जास्त निघालं, म्हणून सगळाच निळा झाला. निळ्यातली घरं उठवायची यादी त्यावरून निघणार होती, आणि नकाशा साहेबाकडे गेलाही होता.

"जास्त म्हंजी किती?" मी विचारलं.

"छप्पन टक्के."

"म्हंजी नऊ आणे. मग आमचं सात आणे कुठं गेलं?"

त्याने निळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"आरं, आमच्यात जमिनीची आणेवारी असती. नऊ आणेवाल्यानं सात आणेवाल्याचं नाव खोडलं तर डोकी फुटत्यात. तू नदीच्या नावानं खोडलंस."

"आणेवारी," असं पुटपुटत तो न जेवता वर गेला. दोन दिवस बसून त्याने प्रत्येक मोठ्या चौकोनाच्या पोटातले बारीक चौकोन मोजले आणि पाणी किती, कोरडं किती, असा ज्याचा त्याचा वाटा लिहिला. मी त्याला सांगितलं होतं, "साहेबापुढं चूक मशिनवर ढकल. ते काय बोलणार न्हाई."

"नाही मावशी. बटण मीच दाबलं."

तसंच त्याने साहेबाला सांगितलं. नवा नकाशा लागला, यादीतून आमची आळी सुटली, आणि त्याची नोकरी गेली. सामान बांधून झाल्यावर रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाला, "एवढे दिवस राहिलो, पर दहा टक्केबी झाकली नव्हती."

खोली बघायला माणसं येतात. मी अजून कुणाला दिलेली नाही. पंख्याचं काम निघालंय म्हणून सांगते.

त्या निळ्या चौकोनात आम्ही अकरा घरं होतो. अकराही इथंच आहेत. गेला तो एकटाच.