गळ्यातलं हळकुंड

आपलं म्हणणं खरं असूनही त्यापायी आपल्याच माणसाचा जीव धोक्यात आला, असं तुमच्या बाबतीत कधी घडलंय? सांगलीत वडिलांनी छापलेली अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटतच मी वाढलो. वादात हरणं मला ठाऊक नव्हतं.

साताऱ्याला दिलेल्या माझ्या ताईला सातव्या महिन्यात रक्तस्राव झाला. तिचं पहिलं बाळ सिझेरियनचं. या वेळी बाळाला पोसणारी वार खाली येऊन जुन्या व्रणात रुतली असावी, अशी डॉक्टरांना शंका होती, पण सोनोग्राफीत नीट कळेना. "तयारीशिवाय पोट उघडलं तर रक्त आवरणार नाही," असं सांगून त्यांनी एमआरआयसाठी पुण्याला पाठवलं. ते यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

तिथं दारातच अडलं. यंत्रात मोठा चुंबक, अंगावर धातू चालत नाही. ताईच्या सासूबाईंनी तिच्या मंगळसूत्रावर हात ठेवला. "माझा ल्योक सरहद्दीवर हाय, आन् हितं हिचा गळा मोकळा करू? न्हाई जमायचं. चल गं घरी."

"मावशी, मण्यांनी गोळी अडत नसते!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि ताईला घेऊन निघाल्या. मीच तिला दारातून परत फिरवलं होतं. देवा, माझं बोलणं संपलं, आता तूच बोल, असं मी आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणालो.

बाकावरून एक बाई उठली, बोलीवरून जतकडची वाटली. "दादा, भाषान झालं आसंल तर जरा सरा." तिनं पिशवीतून हळकुंड काढलं, पदराचा दोरा ओढून त्यात बांधलं. "आवं आक्का, मंगळसूत्र तुटलं की आपुन ह्येच बांधतो की! आदी ह्ये बांधा, मग त्ये काढा. गळा येक घडीबी मोकळा न्हाई."

सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ते ताईच्या गळ्यात बांधलं, मगच मंगळसूत्र काढलं, आणि एमआरआय झाला.

शंका खरी निघाली, पण आता ती शंका उरली नाही. ऑपरेशनचा दिवस ठरला, सांगलीजवळच्या माधवनगरचे माझे मित्र रक्त द्यायला आले. गर्भाशय काढावं लागलं, पण ताई वाचली, भाची वाचली. त्या बाईचे आभार मानायचे राहिले. एमआरआय करून आम्ही बाहेर आलो तेव्हाच बाक रिकामा होता.

सांगलीच्या हळदीच्या बाजारात हळकुंडांचे ढीग मी लहानपणापासून पाहिलेत. त्यातलं एक देवानं माझ्यापुढे धरलं, तेव्हा कुठं मी गप्प बसायला शिकलो. पत्रकं अजूनही लिहितो. त्यातलं हे एक समजा आणि एवढं करा: तुमच्या घरात सिझेरियन झालेली कुणी पुन्हा गरोदर असेल, तर वार कुठं आहे, हे आजच तिच्याबरोबर जाऊन डॉक्टरांना विचारा. सोबतच्या म्हातारीशी वाद घालू नका. खिशात एक हळकुंड ठेवा.