देशांच्या रुसव्याफुगव्यांची मास्तरीण

त्सियालाची लामारा शिकत गेली, शिकत गेली, आणि शेवटी मास्तरीण झाली ती कशाची, तर देशादेशांच्या रुसव्याफुगव्यांची. आपल्या जॉर्जियात, तिबिलिसीच्या विद्यापीठात. आता हे अंगणात लोकांना सांगायचं कसं? त्सियाला नळावर म्हणायची, "लोकांच्या पोरी दातांच्या डॉक्टर झाल्या. माझी बघते, कुठला देश कुणावर फुगून बसलाय."

"मग समजूत काढते का?" शेजारीण विचारायची.

"कसली काढतेय. नुसती बघते आणि लिहिते."

लामाराचं म्हणणं तसं साधं होतं. सगळे म्हणतात देश भांडतात ते जमिनीपायी, तेलापायी. पण देश म्हणजे शेवटी माणसंच की. माणसाला अपमान लागतो, भीती वाटते, गेलेल्याची आठवण येते. ते सगळं घरी खुंटीला टांगून कुणी बोलणी करायला येतं का? एवढ्या एका गोष्टीपायी तिनं तरुणपण घातलं. लग्नाची स्थळं आली नि गेली, ही आपली पुस्तकात डोकं घालून.

आणि तिचा साहेब रमाझ, तो लष्करी करारांवाला. एक दिवस त्यानं बोलावून सांगितलं, "लामारा, तुझे विद्यार्थी एका बाकावर मावतात. रडणं-हसणं लग्नात ठीक असतं. पुढच्या वर्षीपासून तुझा विषय बंद. तू करार शिकव."

लामारा म्हणाली, "सर, उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याची बैठक आहे. मला तिथं बसू द्या. काही हाती लागलं नाही, तर तुम्ही म्हणाल ते शिकवीन."

"जा. जेवण तरी चांगलं मिळेल."

त्या पाटाचं असं होतं. ओसेतियन लोकांशी युद्ध झाल्यापासून मधे तारांचं कुंपण. पाटाचं दार वर, ओसेतियन लोकांच्या गावात. खाली आपल्या जॉर्जियन गावांत पीचच्या बागा वाळत चाललेल्या. मग कुण्या परदेशी संस्थेनं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना तिसरीकडेच, आर्मेनियात, एका टेबलाशी बसवलं. वरचा खेताग, खालचा जुम्बेर. खेतागला आपली भाषा चांगली येत होती, एकेकाळी त्याच बागांत तो फळं विकत घ्यायला यायचा.

सकाळी बोलणी बरी झाली. दुपारी जेवायला बसले. खेताग उठला, एका मोठ्या लाकडी पेल्यात घरून आणलेली काळी बिअर ओतली, दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हणाला, "युद्धात गेलेल्यांसाठी. तुमच्याही आणि आमच्याही."

जुम्बेरचा चेहरा पांढरा पडला. त्याचा धाकटा भाऊ त्या युद्धात गेलेला. खुर्ची मागं सारून तो सरळ बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. त्याच्यामागून त्याची सगळी माणसं.

आता आपल्यात चांगलं चिंतायचं ते वाइननं. बिअर हातात धरून कुणाचं नाव घेतलं, तर त्याचं वाटोळं व्हावं म्हणून घेतलं. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

संस्थेवाले बिचारे कागद उलगडून बसले. पाण्याचा वाटा कमी वाटला असेल, वाढवून देऊ म्हणाले. लामाराचाही भडका उडाला होता. म्हातारा मुद्दाम करतोय, असंच तिच्या मनात आलं. मग तिनं आपल्याच हाताकडे बघितलं. आपल्यापुढचा पेला तिनं कधीच लांब सरकवून ठेवला होता, विचार करायच्या आधीच. वर्गात ती हेच तर सांगायची, की राग पुढं धावतो आणि कारण मागून येतं. आज तिचीच पाळी.

ती खेतागजवळ गेली. "काका, बिअर का आणलीत?"

म्हातारा तसाच उभा, पेला हातात. "मग काय आणू, पाणी? सुनेनं बनवलीय. आमच्यात देवापुढं हीच ठेवतात, गेलेल्यांनाही हीच. कुंपणातून वाट नाही, पार रशियातून फिरून आलो पोरी, भांडं मांडीवर घेऊन. ड्रायव्हर सारखा म्हणायचा, खाली ठेवा. खाली कशी ठेवू?" मग हळूच म्हणाला, "माझ्याकडून काय चुकलं?"

लामारानं सांगितलं. म्हातारा मटकन खुर्चीत बसला. "अरे देवा. जॉर्जियात असं असतं हे कुणी कधी बोललंच नाही. मी इतकी वर्षं नुसते पीचच घेऊन गेलो."

ती गाडीपाशी गेली. जुम्बेरनं काच वर केलेली. तिनं टकटक केलं.

"पाण्याचं बोलायचं नाही," तो म्हणाला.

"नाही बोलत. तुम्हाला काय लागलं तेवढं सांगा."

मग काच खाली आली. "माझ्या भावाच्या नावानं बिअर," तो म्हणाला.

तिनं काही पटवलं नाही. सून, देव, मांडीवरचं भांडं, जे ऐकलं तेवढंच सांगितलं.

जुम्बेरनं नाक पुसलं. "डोंगरातून? त्या वळणांवरून?"

"हो."

"आणि सांडली नाही?"

"पँट ओली आहे त्यांची."

तो हसला नाही, पण उतरला. आत येऊन त्यानं पाव मोडला. आपण गेलेल्यांसाठी पावावर वाइनचे थेंब सोडतो ना, तसे त्यानं खेतागच्या पेल्यातले थेंब सोडले आणि भावाचं नाव घेतलं. खेतागनंही पाव पुढं केला. त्याच्याकडचं एक नाव होतं, तेही घेतलं. संस्थेवाल्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी कागद मिटले.

सगळं काही गोड झालं असं नाही. कुंपण आहे तिथंच आहे. पण त्या उन्हाळ्यात दार पाळीपाळीनं उघडलं आणि बागा जगल्या. रमाझनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आता मुलांना बिअर शिकवणार?"

"पहिला तास तोच, सर."

"एक वर्ष देतो," तो म्हणाला. त्या वर्षी बाकं पुरली नाहीत, पोरं खिडकीत बसायची.

आणि पीच पिकल्यावर जुम्बेरनं एक पेटी खेतागला पाठवली. कुंपणापलीकडं दिसतं ते गाव, पण पेटी गेली आर्मेनियातून, रशियातून, सगळा वळसा घालून. खेतागचा निरोप लामाराकडं आला. तिनं तो फोनवर जुम्बेरला वाचून दाखवला. "निम्मे सडले. उरलेले सुनेनं शिजवून बरणीत भरले. पुढच्या वर्षी जरा कच्चे पाठव."