भाताचा समन्वय

माझ्या हातून एकदा पातेलंभर तांदळाची खळ झाली, आणि त्याला कारण तत्त्वज्ञान होतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाले आणि लग्न होऊन वेल्ह्याला आले. (सासरी सगळ्यांना वाटायचं, ते कीर्तनाचं शिक्षण असतं!) डोक्यात द्वंद्ववाद भिनलेला. एक वाद, त्याला उलटा प्रतिवाद, आणि दोघांच्या झटापटीतून वर येणारा समन्वय. पुस्तकात धड कळला नव्हता. सासरी त्याचा जिताजागता नमुनाच मिळाला.

सासूबाई आणि माझी चुलतसासू शेवंताकाकी, एका घरात दोन चुली मांडून होत्या. भांडण कशाचं, तर भाताचं! सासूबाई पेज काढून टाकायच्या, काकी पाणी आतच जिरवायच्या. तेवढ्यावरून बोलणं बंद. मध्ये मी उभी.

"तुज्या काकीला सांग, असला गिच्च गोळा जनावरंबी खात न्हाईत!"

"तुज्या सासूला सांग, समदा कस पेजंत गेल्यावर चोथा कोन खातंय?"

मार्गशीर्षात माझ्या नणंदेला, सुमनला, बघायला शिवऱ्याची मंडळी यायची होती. आधीचं स्थळ पंगतीतच फिसकटलेलं, कारण दोघी दोन भात घेऊन पाहुण्यांपुढं उभ्या राहिल्या होत्या! म्हणून सासऱ्यांनी निकाल दिला, "या बारीला भात सूनबाई करंल. शिकलेली हाय."

"तू भात करणार?" आमचे हे घाबरून म्हणाले.

"समन्वय करणार! निम्मी पेज काढायची, निम्मी जिरवायची."

"अगं, पण..."

"प्रतिवाद नको!"

सकाळी पातेलं चढवलं. खिडकीतून तोरणा दिसत होता. तेवढ्यात धुकं सरकलं आणि अख्खा गड पुसला गेला. मग एक कडा उमटला, विरघळला, पुन्हा उमटला. आहे... नाही... होतोय! माझ्या अंगावर शहारा आला. वर्गात ज्याच्यापायी डोकं फोडून घेतलं, ते समोर तरंगत होतं. असणं आणि नसणं एकमेकांत विरतं, आणि त्यातून 'होणं' उपजतं. हनुवटी हातावर टेकून मी बघत राहिले. चुलीचा धूर, पातेल्याची वाफ, बाहेरचं धुकं, सगळं एकच झालं. हळूहळू वाटायला लागलं, आपणच गड आहोत.

करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, नाही आहोत.

त्यात तांदूळ नवा! खाली कोळसा, वर चिकट लगदा. डाव खुपसला, तर डाव आपोआप उभा राहिला! आणि बाहेर एस्टीचा हॉर्न वाजला.

"वहिनी, आता माझं कसं व्हायचं?" सुमनचे डोळे भरून आले.

सासूबाई धावत आल्या, मागोमाग काकी. दोघी पातेल्यात डोकावल्या. मग, कित्येक वर्षांनी, सासूबाई थेट काकींकडे वळल्या.

"शेवंते, ह्यो भात हाय व्हय?"

"आक्का, ह्यानं पतंग चिकटवावा!"

"हिला शिकवलं तरी कुनी?"

"पुन्यानं!"

मी चाचरत म्हटलं, "तो समन्वय..."

"तू बाजूला हो!" दोघी एका सुरात ओरडल्या.

आणि एकाच चुलीपाशी बसल्या. एकीनं नाचणीच्या भाकरी थापल्या, दुसरीनं हुलग्याचं झणझणीत कालवण टाकलं. भाताचं नाव नाही! शिवऱ्याचे म्हातारबा बोटं चाटत म्हणाले, "लई झ्याक! जाईल तिथं भातच पुढ्यात येतोय बगा." तिथंच सुपारी फुटली. सुमन दाराआडून अशी हसली, की मी करपलेलं पातेलं विसरले.

ते घासताना मात्र डोक्यात उजेड पडला. समन्वय म्हणजे निम्मं-निम्मं मिसळणं नव्हे. भांडणातून दोघांच्याही ध्यानीमनी नसलेलं काही नवं उभं राहतं. आणि त्या समन्वयालाही पुन्हा नवा वाद फुटतो म्हणतात. आमच्याकडे तोही फुटला. चूल एक झाली, भाताचा तंटा मिटला, आणि पुढं हयातभर दोघी एकाच गोष्टीवरून भांडत राहिल्या: ही सून बिनकामाची आहे, हे आधी कुणी ओळखलं!