बावीस मिनिटांची दोनशे पानं

आमच्या छापखान्यात दोन ढीग लागतात. एक कागदाच्या कातरणाचा, दुसरा किस्स्यायचा. कातरण निदान रद्दीवाला नेते. किस्से कोणीच नेत नाई, म्हणून मलेच सांगत फिरावं लागते.

मी वर्ध्यात वानखेडे भाऊच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर टायपिंग करतो. आमी दहावीची गाइडं छापतो. एक दिवस भाऊनं मुंबईच्या एका कार्टून कंपनीकडून हक्क आणले. टीव्हीवरच्या अंतराळाच्या कार्टूनचा एक एपिसोड, त्याची मराठीत कादंबरी करायची. अटी दोन. पुरी दोनशे पानं पाहिजे, आणि कंपनीच्या मॅडमनं पास केल्याशिवाय छापायचं नाई.

एपिसोड बावीस मिनिटांचा. गोष्ट एवढीच, का एक ग्रह फुटणार असते आणि बारा वर्षांचा हीरो यान घेऊन तिथल्या लोकायले वाचवते.

भाऊनं कॅल्क्युलेटर काढला. "मिनिटाले नऊ पानं. वर दोन उरतात, ते जाहिरातीले. जमते बे!"

*

लिहायले गुल्हाने सर. गणिताचे रिटायर्ड मास्तर, पवनारहून बसनं येतात. आमची गणिताची सगळी गाइडं त्यायनंच लिहिली, पण कव्हरवर नाव कधी आलं नाई. तिथं 'अनुभवी शिक्षक' एवढंच. या वेळी भाऊनं शब्द देल्ला, "सर, कादंबरीवर तुमचंच नाव!" सरायनं त्याच दिवशी अख्ख्या पवनारात सांगून टाकलं. आता मॅडमनं नापास केलं असतं, तर सरायले गावात तोंड दाखवता आलं नसतं.

मी लॅपटॉप उघडला. "सर, पहिले एपिसोड पाहून घ्या."

सरायनं डोळ्यावर हात ठेवला. "बंद कर! मागचं उत्तर पाहून गणित सोडवणारा माणूस नाई मी."

"मंग लिहाल कसं?"

"तू फक्त 'दिलेले' सांग. 'सिद्ध करा' माझ्याकडं."

म्हणजे पाहायचं मी, लिहायचं सरायनं. मले ओळखणाऱ्या कोणत्याच माणसानं ही जबाबदारी मले देल्ली नसती.

*

तिसऱ्या दिवशी सरायनं विचारलं, "हीरोच्या हाताले बोटं किती?"

"चार, सर. कार्टूनमधी सगळ्यायले चारच काढतात."

सरायनं पेनाले टोपण लावलं. "दोन हात मिळून आठ. मंग हे लोक दहापर्यंत मोजतीनच काऊन? आठ झाले का हातचा!"

मले काही समजलं नाई. मी म्हटलं, "बराबर आहे सर." तिथंच चुकलं.

दोन महिन्यांनी सर गठ्ठा घेऊन आले. शेवटच्या पानावर आकडा २००. भाऊनं पेढे वाटले. पेढा तोंडात ठेवून मी टायपिंगले बसलो. सातव्या पानानंतर दहावं पान. सतराव्यानंतर विसावं. सगळे कागद मोजले तर एकशे अठ्ठावीस!

"सर, बहात्तर पानं कमी!"

"दोनशेच आहेत. त्यायच्या बोटावर मोज, आठ आणि नऊ हे आकडे त्यायच्यात नाईतच."

भाऊनं दोन्ही अंगठे दुमडून मोजायले सुरुवात केली. पंधरा मिनिटांत घाम फुटला. "सर," म्हणे, "कंपनीवाल्यायले पाच बोटं आहेत हो!"

पानांचे आकडे आपले टाकायले सर कसेबसे तयार झाले. प्रकरणाचे मात्र त्यायचेच राह्यले. आणि बहात्तर पानांसाठी हातात आठ दिवस.

*

मी पवनारले सरायच्या घरी जाऊन बसलो. सर लिहून राह्यलेले, मी मोठ्यानं वाचून राह्यलो, काकू तांदूळ निवडून राह्यल्या.

"ग्रह फुटायले दहा मिनिटं राह्यली होती. हीरो म्हणाला, चला. सगळे यानात बसले."

काकूचा हात थांबला. "बसले? बिना चहाचे?"

"काकू, ग्रह फुटून राह्यला."

"म्हणून का दारात आलेल्या लेकराले तसंच पाठवतात का, बाबू? लोक का म्हणतीन?"

"कोणते लोक? ग्रहच नाई राह्यणार!"

"दुसऱ्या ग्रहावरचे!"

सरायनं मान हलवली आणि चहा लिहिला. मंग शेजारच्या घरचे रागावले, म्हणून त्यायच्याकडं पोहे. मंग म्हातारी मावशी, तिच्या पाया पडणं. त्रेसष्ट पानं झाली. ग्रह फुटायले अजून दहाच मिनिटं!

मी म्हटलं, "सर, हा ग्रह थांबला कसा?"

उत्तर काकूनं देल्लं. "त्याले का समजत नाई, घरात पाहुणे आहेत?"

*

नऊ पानं उरली. मले राह्यवलं नाई.

"सर, एक सांगाचं राह्यलंच. यानात एक बकरी आहे."

सरायनं चष्म्यावरून पाह्यलं. "दिलेले आहे?"

"हाव. दिलेले आहे."

सरायनं एका बैठकीत नऊ पानं बकरी लिहिली. अशी लिहिली, का टाइप करताना माझ्या डोळ्यात पाणी आलं. खरं सांगायची हिंमत होईपर्यंत भाऊनं सगळं मॅडमले मेल करून टाकलं होतं.

*

आठवड्यानं मॅडमचा फोन. भाऊनं स्पीकरवर टाकला.

"सातनंतर डायरेक्ट दहावं प्रकरण आहे. आठवं आणि नववं मिळालं नाही."

सरायनं फोन ओढला. अर्धा तास बोटं समजावली. मंग मॅडमचा बारीक आवाज आला, "म्हणजे आमच्या हीरोचं वय बारा..."

"आपल्या हिशेबानं दहा!"

 मंग मॅडम तिकडच्या साहेबाले सांगताना ऐकू आल्या, "सर, प्रॉब्लेम झालाय. आपला हीरो पाचवीत आहे."

भाऊनं डोकं धरलं. मॅडम परत आल्या. "आणि ती बकरी..."

 सर माझ्याकडं पाहून राह्यले.

"आमच्या टीमनं चेक केलं. बकरी बरोबर आहे. फक्त तुम्ही काळी लिहिली आहे, ती पांढरी करा. बाकी पास!"

सरायनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी तो एपिसोड तेव्हापासून अकरा वेळा पाह्यला, थांबवून थांबवून. मले अजून बकरी सापडली नाई.

*

कव्हरचं प्रूफ आलं. भाऊच्या हाताले सवय. यान, ग्रह, आणि खाली ठळक अक्षरात, 'अनुभवी शिक्षक'.

सर लय वेळ पाहत राह्यले.  खिशातून लाल पेन काढला, गोल केला आणि बाजूले लिहिलं, 'पुन्हा सोडवा.'

भाऊनं त्याच दुपारी सोडवलं.

*

प्रकाशन पवनारच्या शाळेत झालं. पुस्तकावर सरायचं पूर्ण नाव, वडिलांसकट. हेडमास्तर म्हणाले, ज्याच्यावरून पुस्तक लिहिलं तो एपिसोडबी पोरायले दाखवू. पडदा लावला, अंधार केला. सर पहिल्या रांगेत, पुस्तक मांडीवर. एपिसोड ते पहिल्यांदाच पाहून राह्यले होते. मी मागं, दाराच्या जवळची खुर्ची धरून.

बावीस मिनिटं सर हलले नाई. लाइट लागले. पोरायनं टाळ्या वाजवल्या. सर रिकाम्या पडद्याकडंच पाहून राह्यले.

मी हळूच जवळ गेलो. "सर, कसा वाटला?"

"मेहनत घेतली कार्टून काढणाऱ्या पोरायनं," सर म्हणाले. "पण पुस्तक काही नीट वाचलेलं दिसत नाई."