अण्णांची दाढी

मी माझ्या सासऱ्यांची दाढी करायचे.

सून म्हणून हे वाक्य लिहिताना अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. पण आज अण्णांना जाऊन वर्ष झालं, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला हेच लिहावंसं वाटतंय.

अण्णा मूळचे उरणकडचे. तरुणपणी मिठागरात राबले, मग पनवेलला टेम्पो चालवला. दाढी मात्र रोज. साबण, ब्रश, जुना स्टीलचा रेझर, शेवटी तुरटी. रविवारी सुद्धा.

ते सांगायचे, मिठागरात असताना गालावर जरा जरी कापलं तरी दिवसभर खाऱ्या पाण्याने आग आग व्हायची. म्हणून हात हलका ठेवायला शिकले.

मग अर्धांगवायूचा झटका आला.

उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं. समजत मात्र सगळं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीजवळ त्यांचा बेड लावला. दाढीचं काम निलेशकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आलं. तो स्वतः डिस्पोजेबलवाला. मेडिकलमधून पाकीट आणायचं, थोडा फोम, भराभर चार हात, की निघाला ऑफिसला.

अण्णांच्या राठ खुंटांवर ते चालेना. रेझर अडकायचा, निलेश आणखी दाबायचा. मानेवर लाल पुरळ उठलं.

एका सकाळी अण्णांनी डाव्या हाताने त्याचा हात ढकलला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दाढी वाढत गेली. घरी न्हावी बोलावला, त्यालाही जवळ येऊ दिलं नाही. ओठाच्या कडेने लाळ गळायची, ती परक्याला दिसू नये असं त्यांना वाटत असावं. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून पडायचे.

त्यातच आत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्या. हळदीला मामा हवाच, म्हणाल्या.

अण्णा म्हणाले, "या थोबाडानं? नाय."

आत्या पत्रिका ठेवून निघाल्या. जिन्यात मात्र रडल्या.

मी घरी ट्युशन्स घेते, सकाळ मोकळी असते. दुसऱ्या दिवशी मी अण्णांचं दाढीचं सामान काढलं आणि विचारलं, मला शिकवाल का.

"बायकांचं काम नाय ते."

मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोरच बसून वाटीत साबण घोळवायला लागले. नुसते बुडबुडे. भांडी घासायच्या पाण्यासारखे.

अण्णांनी मान वळवून वाटीत पाहिलं. मग म्हणाले, "पानी जास्त झालं."

तो माझा पहिला धडा.

त्यांनी अट घातली, आधी निलेशवर हात बसव. निलेश प्लास्टिकच्या खुर्चीत, बेडसमोर, देवाचं नाव घेत. मला रेझर माहीत होता तो डिस्पोजेबल, तोही पायांपुरता. पायांवर तो दाबला तरी निभतं. इथे पहिल्याच हाताला निलेशची हनुवटी कापली.

"दाबू नको," अण्णा म्हणाले. "रेझरला सोताचं वजन हाय. तू फकस्त वाट दाखव."

मग हळूहळू कळत गेलं. आधी गरम टॉवेल. घट्ट फेस. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. केस वाढतात त्या दिशेने छोटे छोटे हात. पुन्हा फेस लावल्याशिवाय पुन्हा रेझर फिरवायचा नाही. आणि पहिल्या फेरीत राहिलेल्या केसांच्या मागे लागायचं नाही.

पण अण्णांचा चेहरा निलेशसारखा नव्हता. उजवा गाल सैल लोंबत होता, तिथे त्यांना स्पर्शच कळत नव्हता. त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, करा, पण फार जपून.

पहिल्या दिवशी मी रेझर हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. अण्णांनी ते पाहिलं. डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

कानाखाली जरासं कापलं. तुरटी दाबून धरली, थांबलं. मी सॉरी म्हणत राहिले. त्यांनी डावा हात दोन्ही गालांवरून सावकाश फिरवला.

"उद्या परत," म्हणाले.

हळदीला अण्णा व्हीलचेअरवर गेले. आत्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. येईल त्याला अण्णा जड जिभेने सांगत होते, "सुनेनं केली."

मग रोजचंच झालं. फेस लावल्यावर त्यांना ओठ हलवता यायचे नाहीत, म्हणून मीच बोलायचे. क्लासमधल्या मुलांचं, माझ्या माहेरचं, कुणालाच न सांगितलेलंही बरंच काही. गळ्यावर ब्लेड असायचं आणि ते शांत पडून ऐकायचे.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी मी पाणी तापवून हॉलमध्ये आले. अण्णा झोपेतच गेले होते.

नातेवाईक जमले. आता आंघोळ घालू, कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, दाढी राहिलीय. मागून कुजबुज झाली. बाईने कशाला, असं काहीतरी.

आत्या उठल्या. "दादाची दाढी तीच करते. आजपन तीच करंल."

नातेवाईक बाजूला झाले.

निलेशने अण्णांचं डोकं धरलं. मी टॉवेल पिळला, त्यांच्या गालाला लावला आणि सवयीने विचारलं, "अण्णा, फार गरम नाही ना?"

विचारलं, आणि तशीच थांबले.

"कर तू," निलेश हळूच म्हणाला.

मी केली. कुठेही कापलं नाही.

अण्णा, तुम्ही विश्वासाने डोळे मिटून पडायचात, ते मी विसरणार नाही.

तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.