न दुखणारी गाठ

माझ्या मायच्या छातीत गाठ होती आणि ती दवाखान्यात यायला तयार नव्हती. कारण गाठ दुखत नव्हती. आमच्या राळेगावकडं जे दुखत नाही ते नसतंच.

गाठ सापडली माझ्या कॉलेजच्या भानगडीतून. नर्सबाईंनी आम्हा पोरींना स्वतःची छाती स्वतः तपासायला शिकवलं. पाळी संपल्यावर, बोटांच्या पेरांनी, गोल गोल. पोरी ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. एक म्हणाली, हात लावला की गाठ वाढते. दुसरी म्हणाली, लग्नाआधी होतच नाही. तिसरीच्या मते ब्लाउजमध्ये मोठा मोबाइल ठेवल्यानं होते, म्हणून तिनं आपल्या मायले छोटा घेऊन दिला होता. मी गप्प होते, कारण मला तिघींचंही खरं वाटत होतं.

सरावासाठी बाईंनी कापडी पिशवीत कापूस भरून आणायला सांगितला, आत एकच हरभरा लपवून. आम्ही घरचा वेचलेला कापूस भरला, सरकीसकट. बाईंनी चार पिशव्या दाबून पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. "अवं बाप्पा! एकेकीत पन्नास गाठी! जिनिंगचा, सरकी काढलेला कापूस आणा लागत होता."

आमच्या घरी तसा कापूस फक्त गादीत. मी गादीचा कोपरा उसवला. माय धावत आली, आधी दोन शिव्या हासडल्या, मग म्हणाली, "कायले करून राह्यली हे?" मी पिशवीवर करून दाखवलं. तिनं पदराखाली हात घातला.

"हे? हे तं दोन वर्सापासून आहे."

"सांगितलं काहून नाही?"

"दुखली असती तं सांगतलं नसतं का?"

आठ दिवस मी भांडले. वेचणी होऊ दे, म्हणे. मग तूर निघू दे, म्हणे. मला तिचा इतका राग येत होता आणि इतकी भीती वाटत होती की नवव्या दिवशी वावरात जाऊन मी खोटं बोलले. "माय, मले गाठ आहे."

तिनं अर्धी भरलेली कापसाची ओटी तिथंच सोडली. पुढच्या एसटीनं आम्ही दवाखान्यात. वाटभर ती माझं मनगट धरून बसली. फार घट्ट धरलं होतं, पण मी सोडवलं नाही.

डॉक्टरीणबाईंसमोर मी सांगून टाकलं, "मले काहीच नाही. गाठ हिले आहे." म्हटलं, आता थोबाडीत बसते. मायनं माझ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं.

"खोटं बोलते थे. भिऊन राह्यली. पयले तिले पहा."

मी शपथा घेतल्या. ती जागची हलेना. शेवटी बाईंनी मला पडद्यामागं नेलं, नीट तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की काही नाही.

"पक्कं?"

"पक्कं."

मग माय स्टुलावर बसली, पदरानं डोळे पुसले आणि ब्लाउजचे हूक काढायला लागली.