नातेवाईकांनी चहाला जावं

औषधशास्त्राच्या प्राध्यापकाला वॉर्डात कुणी विचारत नाही. आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजातले सर्जरीचे प्रमुख तर मला तोंडावर ‘उंदरांच्या बाई’ म्हणायचे, कारण वेदनेवरचं माझं संशोधन उंदरांवर सुरू झालं. पुढे ऑपरेशननंतरच्या वेदनेचा अभ्यास मी माणसांवर करायला घेतला. सरांनी परवानगी दिली, मदत दिली नाही.

पद्धत साधी होती. किती दुखतंय ते पेशंटनं शून्य ते दहामध्ये सांगायचं. आकडा चारच्या वर गेला की इंजेक्शन. पण आमच्याकडे बाईला विचारलं की उत्तर शेजारचं माणूस देतं.

गगनबावड्याकडची एक बाई होती. पोटाचं मोठं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं. चादर मुठीत आवळून पडली होती.

“किती दुखतंय?” मी विचारलं.

“दोन लिवा,” सासू म्हणाली. “माझीबी बाळंतपणं झाल्यात. मी असं तोंड वाकडं केलो न्हाय.”

ज्युनिअर डॉक्टरनं दोन लिहिलंसुद्धा.

“मावशी, तुम्ही चहा घेऊन या.”

“मी का जाऊ? सून माझी हाय की!”

“पोट तिचं आहे. जा.”

ती पुटपुटत गेली. सुनेनं आधी दाराकडे पाहिलं, मग म्हणाली, “नऊ.”

तेवढ्यात सरांचा राउंड आला. इंजेक्शन लिहायचा अधिकार त्यांचा, म्हणून मी मागितलं.

“मॅडम, बायका वाढवून सांगतात. तुम्ही उंदरांकडं जावा.”

“उंदीर बरे. त्यांच्या वतीनं सासू बोलत नाही.”

मागे विद्यार्थी हसले. सर लाल झाले. मी खाटेचा दांडा धरून उभीच राहिले. ही हलत नाही म्हटल्यावर पेशंटकडे न बघता त्यांनी इंजेक्शन लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माझी परवानगी गेली. वॉर्ड बंद, अभ्यास बंद.

पण वॉर्डात जाणारं प्रत्येक पोर दुसऱ्या वर्षाला माझ्यासमोर बसतं, ते सर विसरले. मी त्यांना एक सवय लावली: आकडा विचारण्याआधी नातेवाईकांना चहाला धाडायचं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच. तो चुकला की पुढचा मी विचारत नाही.

परवा सरांनी मला पार्किंगमध्ये अडवलं.

“तुमच्या पोरांनी माझा वॉर्ड नासवला. ऊठसूट नातेवाईक बाहेर! इंजेक्शनं पुरत नाहीत आता.”

“मग जास्त मागवा,” म्हटलं आणि गाडी काढली.